कोट सापडल्यास

दुकान,
३ डिसेंबर

चि. बारक्यास काकाचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. कारणं सांगायची तर पुष्कळ आहेत. चष्म्याची काडी मोडली, ती दोऱ्याने बांधून घेतली. मग काकूचा खोकला, मग थंडीच्या कपड्यांची गर्दी. पण खरं कारण वेगळंच आहे. लिहायला बसलो की वाटतं, हे तुझ्या आधी दुसरंच कोणीतरी वाचणार. तुझ्या मागच्या पाकिटाला दोन प्रकारचा डिंक होता, एक पिवळा आणि एक पांढरा. काकू म्हणाली, "एक संपला असेल, म्हणून दुसरा घेतला असेल." तिचं सगळं असंच सोपं असतं.

रेडिओवर सांगितलं की तुमच्या बाजूला तारेजवळ गोळीबार झाला आणि आत घुसणारा एक हत्यारबंद माणूस मेला. कुठल्या चौकीवर ते सांगितलं नाही. तुमच्या का? सांगायची बंदी असेल तर सांगू नकोस, पण तू धडधाकट आहेस एवढं तरी लिही.

शेजारच्या न्हाव्याने त्या दिवशी गिऱ्हाईकाची अर्धी दाढी तशीच ठेवून भाषण केलं. "तारेला हात लावला की उडवायचा! एक पडला की बाकीचे आपोआप मागे फिरतात." खुर्चीतला म्हातारा पोस्टमन फेसातूनच बोलला, "आणि जो पडला त्याचं काय?" न्हावी म्हणाला, "त्याला कुणी आवतण दिलं होतं?" मग माझ्याकडे वळला. "काय मास्टर, खरं की नाही?" मी म्हणालो, घराला दार आहे तर दाराला कडी हवीच. सगळे हसले. माझ्या एवढ्याशा दुकानाला तीन कुलपं आहेत याची गल्लीत थट्टा चालते. चालू दे. आजवर माझी एक सुई चोरीला गेलेली नाही.

आता मुख्य विचारायचं ते. कोट कसा आहे? सरकारी कोट पातळ पडतो म्हणालास, म्हणून मुद्दाम जाड कापड घेतलं, आत काकूच्या जुन्या शालीचं अस्तर लावलं. नाव बारक्या आणि अंगाने दरवाजाएवढा, त्यामुळे बगलेत आवळत असेल अशी धास्ती आहे. बटणं शाबूत आहेत ना? आतली पट्टी? तुझा बाप गाडीत कोट विसरला आणि त्याच थंडीने तो गेला, तेव्हापासून घरातला एकही कपडा मी पट्टीशिवाय बाहेर जाऊ दिलेला नाही. "कोट सापडल्यास कृपया या पत्त्यावर पोचवावा." तू लहानपणी चिडायचास, पोरं हसतात म्हणून. तरी सांगतो, पट्टी उसवू नकोस. कोटाचं सविस्तर लिही.

मागच्या खोलीत कामाला एक बाई ठेवली आहे. काकूच्या लांबच्या नात्यातली. काजं बरी करते.

तुझा काका

*

चौकी,
१२ डिसेंबर

तीर्थरूप काका आणि काकू यांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तो प्रकार आमच्या चौकीवर झाला नाही. दुसऱ्या चौकीवर, खूप लांब. आम्हीसुद्धा रेडिओवरच ऐकलं.

न्हाव्याला म्हणावं, वस्तरा ठेव आणि एक दिवस पहाटेच्या धुक्यात इथे उभा राहा, म्हणजे उडवणं काय असतं ते कळेल. आणि पोस्टमनलाही म्हणावं, धुक्यातून येणारा दगड मारायला येतोय की पाणी मागायला, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. माझ्या जोडीदाराच्या जबड्यावर दगड बसला, तो अजून नळीने पितो. पैसे घेऊन माणसं तारेपर्यंत आणून सोडणारे दलाल पलीकडे मजेत बसतात, आणि तारेशी समोरासमोर येतो ते आम्ही आणि कोणीतरी भिजलेला माणूस. त्या दगडानंतर हुकूम बदलला. आधी शिट्टी, मग हाक, मग हवेत एक, आणि तरी ऐकलं नाही तर अंगावर. असं सगळं क्रमाने लिहिलेलं आहे.

कोट उत्तम आहे. रोज घालतो. हे लिहितानाही अंगात आहे. बगलेत बिलकूल आवळत नाही. बटणं जागच्या जागी, पट्टीही. आमच्या साहेबांनीसुद्धा परवा विचारलं, कुठला शिंपी रे हा?

ती बाई कोण? काकूच्या नात्यात काजं करणारी कोणी मी तरी ऐकलेली नाही. तिचे कागद बघून घ्या. शहरात घरोघर तपासणी सुरू होणार आहे, बिनकागदाचा माणूस घरात सापडला तर घरवाल्यालाही सोडत नाहीत. तुम्ही एरवी एवढे संशयी आणि नेमके इथे कसे ढिले पडलात?

बारक्या

*

दुकान,
१८ डिसेंबर

चि. बारक्यास,

हे पत्र सोबतच्या बंडीच्या खालच्या दुमडीत शिवून पाठवतो आहे. पाकिटातल्या चिठ्ठीत "दुमड टोचली तर उसवून बघ" असं लिहिलंय, त्यावरून तू समजलास म्हणजे शिंप्याच्या घरात वाढलास ते फुकट गेलं नाही. उत्तर याच वाटेने पाठव. बंडी सैल होते म्हणून परत धाड. पाकिटातून पाठवू नकोस.

तू लिहिलंस की कोट अंगात आहे. अरे, कोट माझ्या डोळ्यांसमोर खुंटीला टांगलेला आहे! मी पत्र लिहिण्याच्या आधीपासून तो इथेच आहे. मी तुला विचारलं ते तू काय सांगतोस ते बघायला. आणि तू काय सांगितलंस? बगल, बटणं, पट्टी, वर साहेबांची शाबासकी. खोटं बोलताना तू लहानपणीही असाच भरभरून बोलायचास. खरं असेल तेव्हा तुझं एका शब्दात आटपायचं.

कोट त्या बाईने आणला. ती काकूच्या नात्यातली नाही. भर दुपारी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली, अंगात तुझा कोट, बाह्या बोटांच्या खालपर्यंत लोंबत होत्या. आतली पट्टी उलटून दाखवत म्हणाली, "हा पत्ता इथलाच ना?" बोली आपलीच, पण शब्द ओढून बोलते. पलीकडची आहे हे मला पहिल्या वाक्यातच कळलं. मी विचारलं, कोट कुठे मिळाला? म्हणाली, "सापडला. परत करायला आले." सापडलेला एवढा गरम कोट या थंडीत कोणी चालत येऊन परत करतं का? मला वाटलं, हिने तुला लुटलं. मग वाटलं, त्याहून वाईट काही केलं. त्याच संध्याकाळी तुझं मागचं पत्र आलं, त्यावरची तारीख कोट सापडला असं ती सांगते त्या दिवसाच्या नंतरची होती, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मी तिला हाकलणारच होतो. पण काकूने अस्तरावरून हात फिरवला, आपली शाल ओळखली, आणि बाईला चुलीजवळ बसवून चहा दिला. मला म्हणाली, "कोट तिच्याकडे आहे म्हणजे पोराची खबरही तिच्याकडेच आहे. घालवून दिलीत तर विचारणार कुणाला?" हे मात्र मला पटलं. म्हणून ठेवून घेतली. कोट कुणाचा ते तिला सांगितलेलं नाही. एका गिऱ्हाईकाचा आहे, त्याला कळवतो, असं म्हणालो. तुझा गणवेशातला फोटो भिंतीवरून काढून ड्रॉवरमध्ये पालथा घातला. मोठी कैची कुलपात ठेवतो. काकू म्हणते, "पंचाहत्तरी आली, आता कैचीला कुलूप लावा, उद्या माझ्या जिभेला लावा."

पण कोट मी तपासला आहे. वरून दुसरं आणि तिसरं बटण नाही. दोरा झिजून पडलेली ती बटणं नव्हेत, कापडासकट उपटलेली आहेत. म्हणजे झटापट झाली. आणि अस्तरावर मोठा डाग आहे, धुतलेला, पण थंड पाण्याने आणि साबणाशिवाय, म्हणजे नदीत किंवा डबक्यात. डाग कशाचा ते मला ओळखता येतं, मी बोट कापून घेत आलेला माणूस आहे. तुला कुठे जखम झाली आहे का? की जुगारात कोट हरलास? की तुझं तिच्याशी काही आहे? काकू म्हणते, तसं काही नसावं, कारण ती कोटाकडे बघते तशी बाई प्रियकराच्या कोटाकडे बघत नाही. मला त्यातलं कळत नाही.

न्हावी रोज काहीतरी निमित्त काढून डोकावतो. काल आरसा पुसायला चिंधी मागायला आला. "मास्टर, पाहुणी कुठल्या गावची? तोंडातून शब्द निघत नाही तिच्या." माझ्या मनात सारखी पाल चुकचुकते आहे. सरळ कचेरीत जाऊन सांगून टाकावं, असं रोज सकाळी वाटतं. तू हो म्हण, मी लगेच जातो. पण आधी खरं सांग.

तुझा काका

*

चौकी,
२४ डिसेंबर

काका,

बंडी मिळाली. सैल होते म्हणून परत पाठवतोय.

कोट चोरीला गेला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं लिहिलं. त्या बाईला आजच्या आज कचेरीत देऊन टाका. ते तिला पलीकडे सोडतील, मारणार नाहीत. कोट मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका. पट्टी उसवा आणि कोट जाळून टाका. शाल गेली तर गेली, काकूला मी नवी आणीन.

ती काय काय बोलते ते कळवा. पुढच्या महिन्यात एक चौकशी आहे, सगळे त्याच गडबडीत आहेत. जास्त विचारू नका.

बारक्या

*

दुकान,
३० डिसेंबर

चि. बारक्यास,

कोट जाळ म्हणतोस? शिंप्याला? त्यापेक्षा मला हात तोडायला सांगितला असतास. आणि चोरीला गेलेला कोट जाळायचा कशाला, तो तर मिरवायचा, चोर सापडला म्हणून. तुझं पत्र वाचून माझा संशय बाईवरून उठला आणि तुझ्यावर बसला. म्हणून मी कचेरीत गेलो नाही. तिलाच विचारलं.

कापायच्या टेबलाच्या एका बाजूला ती, एका बाजूला मी. काकू दाराची कडी लावून कडीपाशीच उभी राहिली. मी कोट मध्ये ठेवला आणि म्हणालो, बाई, हा डाग कशाचा ते मला माहीत आहे. कुणाचा ते तू सांग.

म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा."

तिने सगळं सांगितलं. रडली नाही, काज करताना टाका टाकावा तसं एकेक वाक्य टाकत गेली. नवरा-बायको पहाटे तारेशी आले. तिकडे त्यांचं घर राहिलं नव्हतं, काम नव्हतं, एवढंच बोलली. नवऱ्याने दुबेळक्याची, टोकाला फाटा असलेली काठी आणली होती. काठीने खालची तार वर उचलून धरायची, एकाने पोटावर सरपटत जायचं. तो आधी आला. मग या बाजूने तार उचलून धरून तिला म्हणाला, ये. ती आली. काठी काढून तो उभा राहिला, आणि आवाज झाला. मी विचारलं, शिट्टी? ती म्हणाली, "शिट्टी मागून वाजली. आधी आवाज, मग शिट्टी. ती आठवण मी किती वेळा पुढेमागे लावून बघितली. तसंच आहे."

मग धुक्यातून एक शिपाई पळत आला. त्याने बंदूक टाकली, अंगातला कोट ओढून काढला, बटणं सोडवायचाही धीर नव्हता, आणि तो तिच्या नवऱ्याच्या छातीवर दाबून धरला. "ऊठ, ऊठ रे," म्हणत होता. रडत होता. नवरा उठला नाही. लांबून हाका आल्या, तेव्हा त्या शिपायाने तोच कोट तिच्या अंगावर टाकला, तिला लव्हाळ्यात ढकललं आणि म्हणाला, "पळ. इथे थांबू नको."

बारक्या, बटणं कशी तुटली ते मी काय समजलो होतो आणि काय निघालं! तो शिपाई तू. मला त्या क्षणी काय वाटलं ते तुला सांगता येणार नाही. रात्री एकटी असताना मी काकूला म्हणालो, बघ, आपल्या हातचं पोर आहे.

आता ती इथे का आली ते ऐक. कोट परत करायला नव्हे. रेडिओवर तो हत्यारबंद होता म्हणून सांगितलं. हत्यारबंद अशी नोंद झाली की प्रेत घरच्यांना देत नाहीत, तुमच्याच कुठल्यातरी आवारात नंबर लावून पुरतात. तिची सासू तिकडे वाट बघते आहे. ती म्हणाली, "ज्याने कोट दिला त्याने काठी बघितली आहे. ती तिथेच पडली होती, त्याच्या पायाशी. तो चांगला माणूस आहे. चौकशीत तो खरं सांगेल. म्हणून त्याचा पत्ता शोधत आले." मी विचारलं, तोच मारणारा नसेल कशावरून? तर म्हणाली, "मारणारा कशाला रडेल?"

तेव्हा आता भिऊ नकोस. तू कुणाला तरी पाठीशी घालतो आहेस, एवढं मला दिसतं. शिट्टी वाजवली तू आणि गोळी झाडली दुसऱ्याने. कोण तो? जबडा फुटलेल्याचा भाऊबंद? की साहेब? त्याच्यासाठी तू का मरतोस? सरळ चौकशीत उभा राहा आणि काठी होती म्हणून सांग. तू कोण ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. तू परवानगी दे, मी अभिमानाने सांगतो.

तुझा काका

*

चौकी,
६ जानेवारी

काका,

दुसरा कोणी नव्हता.

धुकं होतं. मी एकटाच होतो, जोडीदाराच्या जागी कोणाला दिलंच नव्हतं. तारेपाशी कोणीतरी उभं राहिलं आणि त्याच्या हातात लांब काहीतरी होतं. जबडा फुटला त्या दिवसापासून मला प्रत्येक माणूस हात उगारलेलाच दिसायचा. शिट्टी तोंडात होती. ती वाजवायच्या आधीच बोट दाबलं गेलं. मग शिट्टी वाजवली, कारण ती वाजायला हवी होती. काठी मी नंतर पाहिली. साहेबांनी काठी उचलून नेली आणि दुसरंच काहीतरी आणून ठेवलं. म्हणाले, तुझ्यासाठीच करतोय, चौकीची अब्रू आहे. सगळ्यांनी एकच जबाब दिला आहे. मीही दिला.

चौकशी वीस तारखेला आहे, तिकडे शहरात, मोठ्या कचेरीत. ती बाई उभी राहिली तर मी संपलो. नोकरी जाईलच, पण तेवढ्यावर थांबणार नाही.

काका, तुम्ही मला वाढवलंत. एवढं एकदा करा. तिला कचेरीत द्यायचं नसेल तर लांबच्या गाडीत बसवून द्या. माझं नाव तिला सांगू नका. ती मला चांगला समजते तर समजू दे.

आणि मला दोष देण्याआधी आठवा, दाराला कडी हवी हे तुम्हीच म्हणायचात. न्हाव्याच्या दुकानात बसून तुम्ही सगळ्यांनी म्हणायचं आणि इथे उभं राहून आम्ही कडी व्हायचं. मी तुमची कडी झालो.

बारक्या

*

दुकान,
१२ जानेवारी

चि. बारक्यास काकाचे आशीर्वाद.

बंडीची दुमड तू घातलेली पाहिली तेव्हाच आत काय असेल ते कळलं. एक टाका लांब, एक आखूड, मध्येच दोन टाके एकाच भोकात. पत्र वाचून मी ते कोणाला दाखवलं नाही, काकूलाही नाही. खिशात ठेवून मशीनवर बसलो आणि एका पायजम्याला तीन पाय शिवून बसलो असतो, इतकं चित्त ठिकाणावर नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तपासणीवाले आले. दोघे होते, आणि त्यांच्या मागे खांद्यावर टॉवेल टाकून न्हावी. थोरला सरळ बाईकडे गेला. "कुठली गं तू?" ती काजाला बसली होती, ओठांत टाचण्या धरलेल्या. तोंड उघडलं असतं तर बोली कळली असती. मी नुसता उभा. आणि खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं, बरं झालं, मी काहीच न करता हे मिटतंय. घेऊन जाऊ देत. बारक्या वाचेल.

पण काकू बोलली. "तिला काय विचारता? तोंडात टाचण्या आहेत, गिळली तर तुम्ही भरून देणार का? सून आहे आमची. नवरा चौकीवर आहे, तुमच्यासारखाच सरकारी." आणि तिने ड्रॉवर उघडून तुझा फोटो काढून त्याच्या हातात दिला. गणवेश बघून तो माणूस एकदम विरघळला. "अरे, हे तर आपल्याच माणसाचं घर!" म्हणाला, टोपी काढली, चहा पिऊन गेला. न्हावी जाता जाता म्हणाला, "मास्टर, लग्न उरकलंत आणि तोंडही गोड केलं नाहीत?" त्याचा काही विश्वास बसलेला नाही. तो पुन्हा येईल.

ते गेल्यावर बाईने टाचण्या काढून फोटो हातात घेतला. "हाच," म्हणाली. ती या घरात आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. त्या वेळी हसली. "हा तुमचाच मुलगा? मग आधी का नाही सांगितलंत? मी इतके दिवस तुम्हाला भीत होते!" आणि ती वाकून माझ्या पाया पडायला लागली.

मी तिथे गप्प बसलो असतो तर चाललं असतं. तुला तेच हवं होतं. तिलाही कदाचित तेच बरं वाटलं असतं. पण तुझं पत्र माझ्या खिशात होतं. ती वाकली आणि मला तो कागद कुरकुरताना ऐकू आला. मी तिचे खांदे धरून तिला उठवलं आणि सांगितलं. जसं तू लिहिलंस तसंच सांगितलं, धुकं, जबडा, शिट्टी, सगळं. तुझी बाजू वगळली नाही.

काकूने तोंडावर पदर घेतला. बाई पुन्हा जागेवर बसली आणि हातातलं काज पुरं केलं. दोरा दातांनी तोडला. मग विचारलं, "त्याने काठी बघितली?" मी म्हणालो, नंतर बघितली, तसं लिहिलंय. "म्हणजे त्याला माहीत आहे," म्हणाली. "मला वाटत होतं, आता या जगात ते मला एकटीलाच माहीत आहे." रात्री काकूने वाढलं आणि ती जेवली.

ती वीस तारखेला मोठ्या कचेरीत जाणार आहे. मी तिला समजावलं की तिथे गेलीस तर तुझं ऐकतील न ऐकतील, पण धरून पलीकडे नक्की सोडतील. ती म्हणाली, सोडू देत, पण माझ्या नवऱ्याचं प्रेत बरोबर देऊन सोडू देत. काकू माझ्याशी आधी बोलत नव्हती. तुझ्यासाठी तिचा जीव तुटतो, तुला दूध पाजायला रात्री उठलेली बाई ती. शेवटी म्हणाली, "तिला एकटीला पाठवू नका. तुम्ही बरोबर जा." म्हणून मी जाणार आहे.

कडीचं म्हणालास ते मला फार लागलं. हो, मी म्हणत होतो. दाराला कडी हवी हे मी आजही म्हणेन, माझी तीन कुलपं अजून आहेत. पण कडीला बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही रे. तुला दिसलं. दिसलं म्हणून तर बटणं न सोडवता कोट ओढून काढलास. जो माणूस तिथे पळत गेला आणि "ऊठ रे" म्हणाला, त्याला मी ओळखतो, त्याला मी वाढवला आहे. तुझ्या साहेबांनी पढवलेला जबाब देणाऱ्याला मी ओळखत नाही. त्याच्यासाठी मी या बाईला गाडीत बसवून देणार नाही.

अजून वेळ आहे. तू स्वतः चौकशीवाल्यांपुढे जा आणि सांग, काठी होती. शिट्टी नंतर वाजली. तू सांगितलंस तर तिला तिथे उभं राहावं लागणार नाही. ती कोण, कुठे आहे, हे कोणाला कळायचं कारण नाही. तिचा माणूस तिच्या सासूकडे जाईल. तुला शिक्षा होईल, ती कमी की जास्त मला कळत नाही, मी चार इयत्ता शिकलेला माणूस. पण सुटशील तेव्हा या घराला कडी नसेल. नाही सांगितलंस, तर तू तिथे कचेरीत उभा असशील आणि दारातून आम्ही दोघं आत येऊ, ती आणि मी, आणि मला तुझ्या विरुद्ध बाजूला बसावं लागेल. मला ते सोसेल की नाही याची खात्री नाही.

कचेरीत थंडी असते. म्हणून तुझा कोट मी तिच्या मापाचा केला आहे. खांद्यात शिवण आत घेतली, बाह्या आखूड केल्या, दोन नवी बटणं लावली. डागावर हात लावला नाही, तिने लावू दिला नाही. पट्टी आहे तिथेच आहे. तुला तो कोट आता येणार नाही. तुझ्यासाठी दुसरा शिवायला घेतला आहे, कापड कापून ठेवलंय. आत अस्तराला काकूने तिची नवी शाल काढून दिली, मी नको म्हणालो तरी. तू बारीक झाला असशील, अन्न गोड लागत नसणार. छातीचं माप पाठव.

टपालवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी मशीन थांबवतो. काकू खिडकीतून बघत असते आणि बघत नाही असं दाखवते. ती बाईही बघते. दुमडीत शिवत बसू नकोस आता. उघड्या कागदावर लिही, कोणी वाचलं तर वाचू दे. पण वीस तारखेच्या आत लिही. तू काय सांगणार ते लवकर कळव, बाळा. लवकर कळव.

तुझा काका